चुन्याचे सांडगे

मी एक दगड बोलतोय. आमच्या भागातल्या डोंगरांतले दगड बघायला लांबलांबून माणसं येतात, फोटो काढतात, गाईड त्यांची गोष्ट रंगवून सांगतो. माझी गोष्ट सांगायला गाईड नाही, म्हणून मलाच तोंड उघडावं लागतंय. मला बघायला फार तर गॅसचं सिलिंडर घेऊन आलेला माणूस दारात घटकाभर थांबतो आणि विचारतो, की हे मासे खायचे आहेत का.

मी मुकुंदवाडीत एका घराच्या बैठकीच्या खोलीत, काचेच्या टाकीत, खाऱ्या पाण्यात राहतो. असे मासे पाळणारी माणसं माझ्यासारख्याला जिवंत दगड म्हणतात. तुम्हाला हसू येईल. पण माझं अंग भोकाभोकांचं आहे आणि प्रत्येक भोकात डोळ्यांना न दिसणारे जीव वस्तीला आहेत. मासे जी घाण करतात ती हे जीव खाऊन टाकतात आणि पाणी निर्मळ राहतं. मी नसलो तर ही टाकी आठवडाभरात नासेल. बढाई वाटेल, पण आहे ते आहे.

समुद्र मी पाहिलेला नाही. तिथला पोवळ्याचा दगड उचलून आणायला कायद्याची बंदी आहे, आणि ते बरंच आहे. मला बनवलं बद्रीनाथरावांनी. ते चिकलठाण्याच्या एका कारखान्यात साचे करायच्या खात्यात होते. निवृत्तीनंतर पुण्याला पुतणीकडे गेले, तिच्या घरी खाऱ्या पाण्यातले नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे मासे पाहिले, आणि त्यांच्यासमोर जे बसले ते जेवायला हाक मारली तरी उठेनात. परत आले ते टाकीचं वेड घेऊनच.

त्यांनी परसात घमेल्यात पांढरं सिमेंट घेतलं, कोंबड्यांच्या खाद्यात घालतात तो शिंपल्यांचा चुरा घेतला, त्यात खडेमीठ कालवलं आणि ओल्या वाळूतल्या खड्ड्यात सगळं ओतलं. तो माझा पाळणा. घट्ट झाल्यावर मला पाण्याच्या ड्रममध्ये सोडलं. मीठ विरघळत गेलं आणि मिठाच्या जागी भोकं राहिली. सिमेंटचा जहालपणा उतरेपर्यंत बद्रीनाथराव महिनोन् महिने ड्रमचं पाणी बदलत होते. एवढी धीराची माणसं मी फार पाहिली नाहीत, आणि जी पाहिली ती याच घरात.

त्यांचे जुने मित्र शफीकभाई, गुलमंडीत त्यांचं पानाचं दुकान आहे. ते एकदा ड्रममध्ये डोकावले आणि म्हणाले, "दगडां भिगाके रखे क्या बद्रीभाई? पीसके वडे तलनेके?" बद्रीनाथरावांनी लक्ष दिलं नाही. त्यांच्या पत्नी मनकर्णाबाई मात्र तोंडाला पदर लावून आत पळाल्या. पुढे कितीतरी दिवस जेवताना त्या नवऱ्याला विचारायच्या, वड्याचा दगड भिजला का म्हणून.

मी भिजलो, टाकीत गेलो, पण अजून नुसता दगडच होतो. मग पुतणीने आपल्या टाकीतल्या दगडाचा एक तुकडा ओल्या कागदात गुंडाळून बसने पाठवला. तो माझ्या खांद्यावर ठेवला गेला आणि त्याच्या अंगावरचे जीव हळूहळू माझ्यावर उतरले. हिरव्या बटणांसारखी पोवळी माझ्या माथ्यावर पसरली. जांभळा थर चढला. नारिंगी माशांची जोडी आली, तिला मनकर्णाबाईंनी नवरा-नवरी असं नाव ठेवलं. खरं सांगतो, त्या दिवसांत मला स्वतःचा फार अभिमान वाटायचा.

त्याच तुकड्याच्या फटीत लपून एक पाहुणा आला होता. काचेसारखा देठ, त्यावर बारीक बोटांचं झुंबर. दिसायला देखणा. पुतणीने फोनवर त्याचं नाव ऐपटेशिया सांगितलं, बद्रीनाथरावांनी त्याला बांडगूळ म्हटलं आणि तेच नाव टिकलं. हे बांडगूळ शेजारच्या पोवळ्याला डंख मारतं, माशांना पोळवतं आणि एकाची अनेक होतात. त्याला नुसतं खरवडलं तर जेवढे तुकडे पडतील तेवढी नवी बांडगुळं उगवतात.

आणि नेमकं याच सुमाराला बद्रीनाथरावांच्या उजव्या हाताला कंप सुटला.

आधी पेल्यातला चहा बशीत सांडायला लागला. मग सदऱ्याची बटणं लागेनात. डॉक्टरांनी कंपवात सांगितला, गोळ्या दिल्या. वर्षभरात आवाजही उतरला. कधीकाळी यंत्रांच्या खडखडाटात या टोकापासून त्या टोकाला हाक पोचवणारा हा माणूस आता शेजारच्या खोलीतल्या बायकोला ऐकू जाईना. डॉक्टर बजावून सांगत होते, की रोज मोठ्याने बोला, नाहीतर आवाज कायमचा बसेल. पण ज्याला दोनदोनदा "काय म्हणालात?" असं विचारलं जातं, तो माणूस तिसऱ्यांदा बोलत नाही. ते गप्प गप्प होत गेले. दिवसभर टाकीसमोर बसायचे. माशांना चिमूटभर खाणं घालताना त्यांच्या ओठांची हालचाल व्हायची तेवढीच.

बांडगूळ काढायचा त्यांनी एकदा प्रयत्न केला. चिमटा थरथरला, बांडगूळ फाटलं आणि तुकडे माझ्या अंगभर विखुरले. पावसाळा सरेपर्यंत माझी एक बाजू पुरती बांडगुळांनी व्यापली. पोवळी मिटून बसायला लागली. नवरा-नवरी एका कोपऱ्यात दबून राहू लागली. मला स्वतःची शिसारी आली होती, पण दगडाला अंग झटकता येत नाही.

मे महिन्यातल्या एका सकाळी बद्रीनाथराव चहा पिताना हळूच म्हणाले, की टाकी मोडतो, शफीकभाईंना सांगून कुणाला तरी देऊन टाकतो. मग चपला घालून न्हाव्याकडे गेले. मनकर्णाबाई कपबशी हातात धरून तशाच बसून राहिल्या. टाकी गेली की हा माणूस भिंतीकडे बघत बसेल आणि मग बोलणं उरलंसुरलंही संपेल, हे त्यांना कळत होतं. मलाही कळत होतं.

ते दिवस लोणच्याचे होते. मनकर्णाबाईंच्या लोणच्याला दोन दोन वर्षं बुरशी धरत नाही, याचं गल्लीत मोठं कौतुक. त्याचं कारण त्यांच्या बरण्या. उकळत्या पाण्याने धुवायच्या, उन्हात वाळवायच्या, मग निखाऱ्यावर हिंग टाकून त्या धुरावर पालथ्या घालायच्या. त्या दिवशीही ओट्यावर मोठं पातेलं आधणासाठी चढलेलं होतं, धुवायच्या बरण्या रांगेत होत्या. त्यांनी एकदा पातेल्याकडे बघितलं, एकदा बैठकीतल्या टाकीकडे. बरणीतली कीड ज्याने मरते त्याने दगडावरची का मरणार नाही, असा साधा हिशेब त्यांनी केला. जुन्या लुगड्याच्या फडक्यात धरून त्यांनी मला टाकीतून उचललं. निखाऱ्यावर टाकायला हिंगाचा खडाही काढून ठेवला होता, म्हणजे उकळून झाल्यावर मला धुरीसुद्धा मिळणार होती.

माया काय असते ते मला त्या फडक्यात कळलं. पण माझ्या माथ्यावरच्या हिरव्या बटणांत जे आहे ते त्यांना माहीत नव्हतं. त्या पोवळ्यांत जालीम विष असतं. पाण्यात, आपल्या जागी, ती कुणाचं वाईट करत नाहीत. पण दगड उकळला की ते वाफेतून घरभर पसरतं आणि श्वासातून माणसाच्या छातीत उतरतं. घासताना उडालेला शिंतोडा डोळ्यात गेला किंवा हाताच्या चिरेत शिरला तरी धडगत नसते. पुतणीने हे बद्रीनाथरावांना बजावून सांगितलं होतं. आणि बद्रीनाथरावांनी बायकोला काय सांगितलं होतं? दगडाला हात लावू नको, एवढंच. घरोघरचे पुरुष असंच करतात. हुकूम सांगतात, कारण पोटात ठेवतात.

पातेल्याला बुडबुडे आले. मी त्याच्यावर लोंबकळत होतो. माझ्यातला जीव न् जीव मरणार याची भीती मला वाटलीच, पण त्याहून मोठी भीती त्या बाईच्या जिवाची होती. ओरडायला मला तोंड नव्हतं.

बद्रीनाथराव घरात आले. टाकीत माझी जागा रिकामी दिसली. ते स्वयंपाकघराच्या दारात धावत आले, म्हणजे त्यांच्या पायांना जेवढं धावता येतं तेवढं. त्यांनी हाक मारली. मी त्यांचे ओठ बघितले, हाक आली नाही. खिडकीतला पंखा घोंघावत होता आणि मनकर्णाबाईंची पाठ दाराकडे होती. ते गॅसच्या बटणाला झोंबले, बोटांना ते फिरवता येईना. तेव्हा त्या माणसाने आपला थरथरता पंजा सरळ माझ्या आणि पातेल्याच्या मध्ये घातला.

मी ओट्यावर आदळलो. माझा एक कोपरा उडाला. आधणाचं पाणी उसळून त्यांच्या हातावर पडलं. ते कळवळले, पण आधी त्यांनी बायकोला ढकलत ढकलत अंगणात नेलं, नळाखाली तिचे हात धरले आणि मगच आपला हात पुढे केला.

मनकर्णाबाईंना काही समजेना. त्या नवऱ्याच्या भाजलेल्या हाताकडे बघून रडायला लागल्या. बद्रीनाथरावांनी तोंड त्यांच्या कानाशी नेलं.

"इख हाय त्यात. वाफंतून चढतं. तू गेली असतीस."

"मग हे सांगाया नको व्हतं का तुमी?"

"हात लावू नको म्हनलं व्हतं."

"का लावू नको, ते नव्हतं म्हनलं."

बद्रीनाथरावांनी भाजलेला हात पुन्हा नळाखाली धरला. मग ते म्हणाले, की तो दगड नेऊन कुठेतरी पुरून टाक. मी ओट्यावर कोरडा पडत होतो आणि हे ऐकत होतो. त्यांचा मला राग आला नाही. मीही तेच म्हणालो असतो.

मनकर्णाबाईंनी डोळे पुसले. "पुरीन," त्या म्हणाल्या, "पन आधी मला सांगा, ह्याला साफ कसं करतेत."

मी त्या क्षणापासून या बाईचा झालो. मरणाच्या दारातून आलेल्या माणसाला पहिला प्रश्न हा सुचावा? त्यांना माझं काही पडलेलं नव्हतं, हे मी जाणतो. त्यांना नवऱ्याची टाकी राखायची होती. पण ज्याच्यामुळे जिवावर बेतलं होतं त्याच्यावर राग न धरता त्याची रीत विचारायची, हे सगळ्यांना जमत नाही.

बद्रीनाथरावांचा हात पट्टीत होता. आता सांगण्यावाचून इलाज नव्हता. त्यांनी मला टाकीतल्याच खाऱ्या पाण्याच्या बादलीत ठेवायला लावलं आणि त्या दिवसापासून ते बोलत गेले. दगड उकळायचा नाही. ब्रशने घासायचा नाही. गोड्या पाण्यात, ब्लीचमध्ये घालायचा नाही, नाहीतर विष उठेल आणि आतले चांगले जीवही मरतील. हिरव्या बटणांना धक्का लावायचा नाही. प्रत्येक बांडगुळाच्या तोंडावर चुन्याचा घट्ट लगदा ठेवायचा, बस. चुना बांडगुळाला आतून जाळतो आणि दगडाचं काही बिघडवत नाही. हे बोलताना त्यांचा आवाज मध्येच बुडायचा. मनकर्णाबाई म्हणायच्या, "नाय कळलं, परत सांगा," आणि ते परत सांगायचे. हयगय करून चालणार नव्हतं, जिवाशी गाठ होती.

चुना शफीकभाईंनी आणला. दुकानात ते कळीचा चुना स्वतः विरवतात आणि फडक्यातून गाळून घेतात. पानाच्या चुन्यात काहीजण अत्तर किंवा दूध घालतात, तसला नको, निव्वळ हवा असं बद्रीनाथरावांनी कळवलं होतं. शफीकभाईंनी डबी मनकर्णाबाईंच्या हातात दिली आणि म्हणाले, "भाबी, आँखां संभालके. डोळ्यात गेला तर पाणी मारत राहायचं." त्यांना हकीकत कळली होती. त्या दिवशी त्यांनी वड्यांची थट्टा केली नाही.

मग ओसरीवर जे चाललं ते तुम्ही बघायला हवं होतं. मनकर्णाबाईंनी रबरी हातमोजे चढवले, तोंडाला मास्क लावला, डोळ्यांवर बद्रीनाथरावांचा कारखान्यातला जाड चष्मा घातला. दूधवाला बघून दोन पावलं मागे सरकला. मी पसरट टबात, टाकीच्याच पाण्यात बुडालेला. इंजेक्शनच्या सुईच्या नळीत चुन्याचा लगदा भरलेला. बद्रीनाथराव जवळच स्टुलावर.

बांडगूळ मोठं चलाख. सावली पडली तरी फटीत अंग ओढून घेतं. मनकर्णाबाई हात आणून थांबल्या. किती वेळ थांबल्या सांगता येणार नाही, मलाच अवघडायला झालं. बांडगुळाने पुन्हा बोटं पसरली, आणि त्यांनी अलगद त्याच्या तोंडावर लगद्याचा एवढासा गोळा ठेवला. ना धक्का, ना घाई. मग शेजारी दुसरा.

"हे तर सांडगेच घालायचे," त्या मास्कमधून म्हणाल्या.

खरंच तसंच होतं. उन्हाळ्यात खाटेवर कापड पसरून डाळीच्या पिठाचे सांडगे घालतात, एकाला एक लागू न देता, एका मापाचे. चाळीस उन्हाळे ज्या बोटांनी ते घातले, त्यांना हे काय अवघड? बद्रीनाथराव तोंड उघडं ठेवून बघत होते. साच्यातल्या केसाएवढ्या चुकीवरून कारागिरांना परत पाठवणारा हा माणूस, पण त्याला त्या हातात खोट काढता येईना.

एका बैठकीला थोडेच. जास्त चुना गेला तर पाणी बिघडतं आणि मासे गुदमरतात. सांडगे घातल्यावर मला टबात तसंच राहू द्यायचं, मेलेली बांडगुळं आणि पांढरी साय नळीने ओढून काढायची, निथळ खाऱ्या पाण्यात मला एकदा बुडवायचं आणि मगच टाकीत. टबातलं पाणी नाल्यात, झाडाला नाही. टब, बादली, मोजे, फडकी सगळं स्वयंपाकघरापासून वेगळं. हे मात्र बद्रीनाथरावांना समजावावं लागलं नाही. लोणच्याच्या बरणीला ओला चमचा लागला तर घरात जी बाई आकाशपाताळ एक करते, तिला वेगळं ठेवणं काय शिकवणार? त्यांनी बादलीला लाल चिंधी बांधली आणि भांडी घासायला येणाऱ्या सारजाबाईंना सांगून टाकलं, की हिला शिवायचं नाही. आणि का शिवायचं नाही, तेही सांगितलं.

एकदा माझ्या भोकातून काटेरी केसांची एक लांब अळी बाहेर आली. मनकर्णाबाई किंचाळतील असं मला वाटलं. त्यांनी चिमट्याने तिला धरून ओढून काढली, भांड्यात टाकली आणि म्हणाल्या की वांग्यातली याहून जाड असते.

दिवाळीच्या आत माझं अंग मोकळं झालं. पोवळी उमलली. बांडगुळांची दाटी होती त्या बाजूला नवरा-नवरीने तोंडाने जागा झाडून काढली आणि एका दुपारी तिथे नारिंगी अंडी चिकटवली, मोहरीसारखी, ओळीने. मला इतका आनंद झाला की काय सांगू. बद्रीनाथरावांनी ती आधी पाहिली. त्यांनी हाक मारली आणि या वेळी ती हाक स्वयंपाकघरात पोचली. मनकर्णाबाई पिठाच्या हातांनीच धावत आल्या, पण अंड्यांकडे नंतर बघितलं, आधी नवऱ्याच्या तोंडाकडे.

आवाज परत कशाने आला, ते त्यांच्या लक्षात येत होतं, माझ्याही. त्या सगळ्या महिन्यांत रोज सांगावं लागत होतं, डावीकडे, वर, थांब, आता ठेव. डॉक्टर जे करा म्हणून सांगून थकले होते ते आपोआप घडत होतं. आणि काम संपलं, तसा तो आवाज पुन्हा विझायला लागला. अंडी फुटून गेली. सांगायला काही उरलं नाही. थंडीत तर अख्खा दिवस "हूं" आणि "नको" यांच्यावर निघायचा.

आता माझी सध्याची हालत. मी म्हातारा झालोय, पण धडधाकट आहे. उडालेल्या कोपऱ्यावर जांभळा थर चढला आहे. बद्रीनाथरावांची खाट आता टाकीसमोरच आहे. हाताला धरून उठवावं लागतं, घास भरवावा लागतो. आधी माशांना, मग त्यांना, असा मनकर्णाबाईंचा क्रम आहे आणि दोघांचीही वेळ चुकत नाही.

तुम्हाला एवढंच विनवायचं आहे. घरात माझ्यासारखा दगड असेल तर त्याला आधण दाखवू नका. तो गेला तर दुसरा होईल, तुम्ही व्हायचे नाही. आणि ज्याला हात लावू नको म्हणता, त्याला का लावू नको तेही सांगा. आणखी एक. कुणी जाणकार आमच्या घरी आला आणि माझ्या खालच्या अंगाला बोट दाखवून म्हणाला, की एक बांडगूळ राहिलंय, तर त्याला चहा पाजा आणि गप्प बसवा.

कारण ते राहिलेलं नाही, राखलेलं आहे. संक्रांतीच्या सुमाराला ते उगवलं तेव्हा मनकर्णाबाईंनी ते पहिल्याच दिवशी बघितलं. चुन्याची नळी भरून आणली, मोजे चढवून मला उचलायला हात टाकीत घातला. तेवढ्यात मागून खाटेवरून आवाज आला, "डावीकडं", पुष्कळ दिवसांनी आलेला अख्खा शब्द. त्यांनी हात तसाच बाहेर काढला आणि नळी कपाटात ठेवून दिली. आता ते वाढायला लागलं की त्या त्याच्यावर चुना ठेवतात. पण शेजारी जी नवी उगवतात त्यातलं एक जगू देतात. दुसरं कुठे पसरत नाही ना, यावर रोज सकाळी डोळ्यात तेल घालून नजर असते.

कालचीच गोष्ट. मनकर्णाबाई खाटेजवळ मेथी निवडत बसल्या होत्या.

"तिथं एक हाय," बद्रीनाथराव म्हणाले.

"कुठं? मला तर काय दिसंना."

"खालच्या अंगाला."

"ऐकू नाय आलं. पंखा चालू हाय, जरा मोठ्यानं बोला."

बद्रीनाथरावांनी श्वास घेतला, मान उचलली. "खालच्या अंगाला, डावीकडं," ते म्हणाले, आणि ते फाटकाशी आलेल्या सारजाबाईंनाही ऐकू गेलं.

मनकर्णाबाईंनी मेथीची काडी खुडली. वीज सकाळपासून गेलेली होती आणि पंखा बंद होता.